रिकवुडचे मैदान

अमेरिकेच्या दक्षिणेकडील ॲलाबामा राज्यात, कोळसा, चुनखडी आणि लोहखनिज ही तिन्ही एकाच टापूत सापडल्यामुळे यादवी युद्धानंतर अल्पावधीत भरभराटीस आलेल्या बर्मिंगहॅम शहरात, 18 ऑगस्ट 1910 रोजी खुले झालेले रिकवुड फील्ड हे बेसबॉलचे क्रीडांगण आजही उभे असून, धंदेवाईक बेसबॉलच्या त्या देशातील शाबूत मैदानांत वयाने सर्वांत वडील असा त्याचा लौकिक आहे. लोखंडाच्या कारखानदार घराण्यातील रिक वुडवर्ड या तरुणाने 'बॅरन्स' हा स्थानिक संघ विकत घेतला आणि पिट्सबर्गचे फोर्ब्स फील्ड व फिलाडेल्फियाचे शाइब पार्क ही वर्षभरापूर्वीच उभी राहिलेली दोन भव्य क्रीडांगणे नजरेसमोर ठेवून, लाकडाऐवजी पोलाद व काँक्रीट वापरून, हे मैदान बांधले. पुढे ती दोन्ही मूळ क्रीडांगणे 1970 नंतरच्या दशकात जमीनदोस्त झाली. ज्याने त्यांचा कित्ता गिरवला, ते मात्र टिकले.

ते टिकले याचे श्रेय काही अंशी उपेक्षेला दिले पाहिजे. ज्या शहरांत पैसा होता आणि जमिनीला भाव होता, तेथे जुनी क्रीडांगणे पाडून वाहनतळांनी वेढलेली नवी बांधण्याची अहमहमिका लागली होती. बर्मिंगहॅममध्ये 1987 च्या हंगामानंतर बॅरन्स संघच हूव्हर या उपनगरातील नव्या क्रीडांगणात निघून गेला आणि रिकवुड पाडण्याचीही कोणाला निकड भासली नाही. परंतु इमारत पाडायला दर वेळी हातोडाच लागतो असे नाही. छपराचा पत्रा गंजू द्यावा, पावसाचे पाणी सांध्यांत मुरू द्यावे, खर्चाची मंजुरी दर वर्षी पुढे ढकलावी, म्हणजे काही वर्षांनी 'धोकादायक' असा शेरा मारण्यापलीकडे कोणा अधिकाऱ्याला काही करावे लागत नाही. रिकवुड याच वाटेवर असताना 1992 मध्ये काही नागरिकांनी 'फ्रेंड्स ऑफ रिकवुड' ही संस्था स्थापन केली आणि नगरपालिकेच्या मालकीच्या या वास्तूची देखभाल अंगावर घेतली.

या मंडळींच्या कामाची पद्धत मला विशेष मोलाची वाटते. मैदान बंद करून त्याचे संग्रहालय करण्याचा मोह त्यांनी टाळला. शाळा-महाविद्यालयांचे सामने तेथे चालू राहिले. छप्पर, बाके, रंग, नळ अशी एकेक बाब निधी जमेल तशी हाती घेतली गेली. आणि 1996 पासून 'रिकवुड क्लासिक' या नावाने खुद्द बॅरन्स संघ जुन्या धाटणीचा गणवेश घालून आपल्या जुन्या घरी एक सामना खेळू लागला. चित्रपटवाल्यांचाही उपयोग झाला. टाय कॉब या खेळाडूच्या जीवनावरील 1994 च्या चित्रपटासाठी येथे हाताने आकडे लावण्याचा धावफलक व कुंपणावरच्या जुन्या वळणाच्या जाहिराती तयार करण्यात आल्या, आणि चित्रीकरण संपल्यावरही तो थाट राहू दिला गेला. जीर्णोद्धारात अशी नवी जुनी वस्तू मिसळणे मला तितकेसे रुचत नाही. अस्सल काय आणि सजावट काय, हे पाहणाऱ्याला कळले पाहिजे. येथील अस्सल वस्तू पाहायची तर मान वर करून दिव्यांचे मनोरे पाहावेत. 1936 मध्ये रात्रीचे सामने सुरू झाले तेव्हा प्रकाश खेळाडूंच्या जास्तीत जास्त जवळून पडावा म्हणून पोलादी सांगाडे छपरावरून थेट मैदानावर झुकवले गेले, आणि विहिरीवर वाकून पाणी पाहणाऱ्या माणसांसारखे ते अजून तसेच वाकून उभे आहेत.

मात्र पोलाद आणि काँक्रीट जपणे हे या कार्यातले सोपे अंग होय. बॅरन्स हा गोऱ्यांचा संघ होता. तो परगावी गेला, की तेच मैदान भाड्याने घेऊन 'ब्लॅक बॅरन्स' हा कृष्णवर्णीयांचा संघ खेळे, आणि खेळाच्या गुणवत्तेत तो कोणाला हार जाणारा नव्हता. सॅचेल पेज हा विलक्षण पिचर तारुण्यात येथे चेंडू फेकत असे. 1948 मध्ये जवळच्या फेअरफील्डच्या शाळेत शिकणारा सतरा वर्षांचा विली मेज शाळा सांभाळून याच संघातून खेळू लागला, आणि त्याच वर्षी संघाने नीग्रो अमेरिकन लीगचे अजिंक्यपद पटकावून अखेरच्या नीग्रो वर्ल्ड सिरीजपर्यंत मजल मारली. या मेजने पुढे 660 होमरन फटकावले. परंतु गोऱ्या संघाचा सामना असला म्हणजे कृष्णवर्णीय प्रेक्षकांना उजव्या टोकाच्या उघड्या बाकांवर उन्हात बसावे लागे. शहराचा कायदाच असा होता, की गोऱ्यांनी व काळ्यांनी पत्ते, सोंगट्या, बेसबॉल यांपैकी काहीही एकत्र खेळू नये. 1961 नंतर दक्षिणेतील जुनी लीग बंद पडली, तेव्हा मिश्र संघ उतरवण्यापेक्षा दोन हंगाम संघच नको, हे शहराने पत्करले. 1964 मध्ये बॅरन्स परतले, ते मिश्र संघ म्हणून. शहराच्या पोलीस व अग्निशमन दलांचा प्रमुख असलेल्या ज्या युजीन 'बुल' कॉनरने 1963 मध्ये निदर्शक मुलांवर पाण्याचे बंब आणि कुत्री सोडली, तो पूर्वी याच बॅरन्सच्या सामन्यांचे रेडिओवरील समालोचन करून लोकप्रिय झाला होता.

तेव्हा रिकवुड वाचवणे म्हणजे हा सारा इतिहास वाचवणे आहे. मैदान गेले असते, तर ती उजवीकडची बाके कोठे होती हे बोट दाखवून सांगण्याची जागाही गेली असती, आणि मग दप्तरातल्या कायद्याच्या कलमाला कोणी इतके मनावर घेतले नसते.

20 जून 2024 रोजी येथे प्रथमच मेजर लीग या सर्वोच्च पातळीच्या स्पर्धेचा अधिकृत हंगामी सामना झाला. त्यासाठी खेळण्याचा संपूर्ण पृष्ठभाग नव्याने घडवण्यात आला होता. सामना पाहण्याचे भाग्य मेजला लाभले नाही. दोनच दिवस आधी, वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षी त्याचे निधन झाले. सेंट लुईस कार्डिनल्सने सॅन फ्रान्सिस्को जायंट्सला 6-5 असे हरवले आणि मेजर लीगच्या इतिहासात पहिल्यांदाच सर्वच्या सर्व पंच कृष्णवर्णीय होते. त्या दिवशी रेजी जॅक्सन या जुन्या खेळाडूला दूरदर्शनच्या कार्यक्रमात रिकवुडला परतताना काय वाटते असे विचारण्यात आले. 1967 मध्ये बर्मिंगहॅमच्या संघातून तो येथे खेळला होता. औपचारिक गोड उत्तर देण्याऐवजी, उपाहारगृहांनी नाकारलेले जेवण, हॉटेलांनी नाकारलेली खोली आणि पाठीशी उभे राहिलेले गोरे सहकारी यांविषयी तो सविस्तर बोलला, आणि ते दिवस कोणाच्याही वाट्याला येऊ नयेत असे त्याने लाखो प्रेक्षकांसमोर स्पष्टपणे सांगितले.