नळीतले चर आणि त्यांची किंमत

रायफलच्या नळीत आतून पिळाचे चर पाडलेले असतात. त्यांमुळे गोळीला गिरकी मिळते, आणि फिरता भोवरा जसा पडत नाही तशी गोळीही हवेत कोलमडत नाही. इतके बहुतेकांस ठाऊक असते. पण चर किती असावेत, पीळ किती असावा, आणि त्यापायी पैसा किती मोडावा? कोपरहून गाडीने कल्याण ओलांडले की थोड्याच वेळात अंबरनाथचे सरकारी आयुध कारखाने येतात. तेव्हा हा प्रश्न आपणांस अगदीच परका नव्हे.

पिळाचे गणित गोळीच्या लांबीवर बसते. गोळी जितकी लांब, तितकी गिरकी जलद हवी. आपल्या पोलिसांच्या खांद्यावर वर्षानुवर्षे दिसलेल्या थ्री-नॉट-थ्रीत दहा इंचांत एक फेरा असतो. कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे यांनी 2024 साली पॅरिसला कांस्यपदक मिळवले, त्या पन्नास मीटरच्या स्पर्धेतील आखूड शिशाच्या गोळीला सोळा इंचांत एक फेरा सहसा पुरतो. लक्ष्यावरचे दहा गुणांचे वर्तुळ मात्र अवघे 10.4 मिलिमीटरचे!

चरांच्या आकाराची गोष्ट निराळी. 1888 च्या ली-मेटफर्ड रायफलीत सात उथळ, गोलसर चर होते. काळ्या दारूची काजळी त्यांत फारशी साचत नसे. पुढे कॉर्डाइट आले, आणि त्याच्या प्रखर उष्णतेने ते चर लवकर झिजू लागले. म्हणून 1895 मध्ये ली-एन्फील्डला पाच खोल, चौकोनी चर दिले गेले.

आता खर्च. जुन्या पद्धतीत नळीतून ओढलेले हत्यार एका खेपेस केसाहूनही पातळ कीस काढते. एका चराला अशा कित्येक खेपा. चर वाढले की वेळ वाढला, मजुरी वाढली. दुसऱ्या महायुद्धात रायफलींची निकड लागली, तेव्हा याच थ्री-नॉट-थ्रीच्या लाखो नळ्यांत पाचांऐवजी दोनच चर पाडले. नेम बिघडेल अशी अनेकांची धास्ती होती. चाचण्यांत म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. आमच्या मते पैसा चरांच्या संख्येवर नव्हे, तर भोक सरळ, गुळगुळीत आणि टोकापर्यंत एकसारखे राखण्यावर घालावा.

त्याच सुमारास जर्मनीत कठीण साच्याभोवती पोलाद हातोड्यांनी ठोकून काही मिनिटांत चरांसकट नळी घडवण्याची युक्ती निघाली. ते यंत्र फार महाग. हजारो नळ्या काढल्या तरच परवडते. नेमबाजांसाठी मोजक्या नळ्या करणारे काही कारागीर म्हणूनच अजून एकेक चर कोरीत बसतात.