आपल्या जिल्ह्यातला समुद्र

गोंदिया जिल्ह्याला समुद्र नाही. देवमासा पाहायचा, बेटावर दिवस घालवायचा, तर महाराष्ट्राचे दुसरे टोक गाठावे लागते. मोलमजुरीवर किंवा लहान नोकरीवर चालणाऱ्या घराला तो खर्च झेपत नाही. मग मुलांनी सुट्टीत घरीच बसावे काय? आम्हाला तसे वाटत नाही. आमच्या वस्तीतील चार कुटुंबे मिळून आम्ही हिवाळ्यातील एका रविवारी नवेगावबांधला गेलो.

अर्जुनी मोरगाव तालुक्यातील हे ठिकाण गोंदियाहून सुमारे 65 किलोमीटर आहे. रेल्वेने यायचे तर बल्लारशा मार्गावरील देवलगाव स्टेशन जवळचे. सोबत पोळी-भाजी, मुरमुऱ्याचा चिवडा आणि प्यायचे पाणी घ्यावे, म्हणजे खर्च तिकिटापुरताच राहतो.

सुमारे 11 चौरस किलोमीटरचा हा तलाव प्रथम पाहताना लहान मुले समुद्रच समजतात. भोवती 'सात बहिणी' म्हणून ओळखले जाणारे डोंगर आहेत, आणि पाण्यात मालडोंगरी हे बेट आहे. देवमासा येथे नाही. पण त्याच्यासारखेच लांबचे प्रवासी आहेत. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला पट्टकादंब तिबेट, मंगोलियाकडून हिमालय ओलांडून हिवाळ्यात आपल्या भागातील तलावांवर उतरतो. त्याला पाहायचे तर सकाळी लवकर पोहोचावे, भडक कपडे टाळावेत आणि गोंगाट करू नये. मुले तासभर गप्प बसतात, हे आम्ही त्या दिवशी प्रथमच पाहिले.

हा तलाव निसर्गाने दिलेला नाही, हे मुलांना आवर्जून सांगावे. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी तो बांधला. डोंगरांमधली वाट मातीची पाळ घालून अडवली, आणि पावसाचे पाणी साठवून धानाला दिले. कोलू पाटलांचे नाव राहिले. पाळीवर मातीच्या टोपल्या टाकणाऱ्या मजूर स्त्री-पुरुषांची नावे कोठेच नाहीत. पुढे 1950 च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि असे तलाव सरकारकडे आले. एकेकाळी मालगुजाराचे असलेले पाणी आज सार्वजनिक आहे.

सार्वजनिक वस्तूचा धनी कोण? आपणच. या पाण्यावर शेतकऱ्याचे धान, ढिवर बांधवांची मासेमारी आणि पाखरांचा चारा अवलंबून आहे. प्लास्टिकच्या पिशव्या आणि पत्रावळी तेथे टाकून येणारा माणूस या तिघांच्या ताटात कचरा टाकतो. आमच्या मुलांनी निघताना आपला कचरा तर उचललाच, शेजाऱ्यांचाही उचलला.

तेव्हा भगिनींनो, येत्या हिवाळ्यात एक रविवार राखून ठेवा. शेजारच्या दोन घरांना सोबत घ्या. सहलही होईल, आणि त्या अनाम हातांची ओळख मुलांना होईल.