रेझ्युमेमध्ये प्रोफेशनल समरी कशी लिहावी? संपूर्ण माहिती, उदाहरणांसह



नोकरीसाठी अर्ज करताना आपण सगळ्यात जास्त वेळ कशावर घालवतो? टेम्प्लेट निवडण्यात. निळी पट्टी हवी की करडी, फोटो गोल हवा की चौकोनी. आणि नावाच्या खाली ज्या तीन-चार ओळी असतात, त्या मात्र मित्राच्या रेझ्युमेमधून जशाच्या तशा कॉपी करतो.

खरं तर समोरचा माणूस सगळ्यात आधी त्याच ओळी वाचतो. लॅडर्स या अमेरिकन जॉब वेबसाइटने २०१८ मध्ये भरती करणाऱ्यांची नजर कुठे फिरते याचा अभ्यास केला होता. त्यात पहिल्या नजरेत एका रेझ्युमेला सरासरी ७.४ सेकंद मिळतात असं दिसलं. आपल्याकडे वेळ थोडा कमी-जास्त असेल, पण एका जागेसाठी ढीगभर अर्ज येतात तिथे परिस्थिती फार वेगळी नसते.

म्हणून आजच्या लेखात आपण प्रोफेशनल समरी म्हणजे काय आणि ती कशी लिहायची हे बघूया.

प्रोफेशनल समरी म्हणजे काय?

रेझ्युमेच्या सुरुवातीला, नाव आणि संपर्काच्या खाली ३ ते ४ ओळींत दिलेली तुमची कामाची ओळख म्हणजे प्रोफेशनल समरी. तुम्ही काय काम करता, किती दिवस करताय आणि त्यातून काय झालं, एवढंच त्यात येतं.

पूर्वी याच जागी 'करिअर ऑब्जेक्टिव्ह' लिहायचे. दोघांत एक मोठा फरक आहे. ऑब्जेक्टिव्हमध्ये मला काय हवंय ते असतं, समरीमध्ये मी तुम्हाला काय देऊ शकतो ते असतं. कंपनीला आधी दुसरं जाणून घ्यायचं असतं.

सगळ्यांची समरी सारखी का वाटते?

ही समरी वाचा:

"मी एक मेहनती, प्रामाणिक आणि जिद्दी व्यक्ती असून टीममध्ये काम करण्याची आवड आहे. माझ्या कौशल्यांचा वापर करून कंपनीच्या प्रगतीत हातभार लावण्याची संधी शोधत आहे."

यात चुकीचं काहीच नाही. पण हीच समरी अकाउंटंटच्या, वेल्डरच्या आणि नर्सच्या रेझ्युमेला सारखीच चिकटवता येते. म्हणजे ती कोणाचीच नाही.

यावर एक सोपा उपाय आहे. प्रत्येक वाक्यानंतर स्वतःला विचारा, "कशावरून?" मेहनती आहात, कशावरून? एक्सेल चांगलं येतं, कशावरून? ज्या वाक्याला उत्तर नाही ते काढून टाका. ज्याला उत्तर आहे, तिथे वाक्याऐवजी ते उत्तरच लिहा.

लिहायला बसण्याआधी

आधी जाहिरात नीट वाचा. समजा चाकणच्या एका कंपनीला अकाउंट्स असिस्टंट हवाय. जाहिरातीत टॅली प्राइम, जीएसटी रिटर्न, बँक रिकन्सिलिएशन आणि एक्सेल असे शब्द आहेत. वहीत दोन रकाने करा. डावीकडे जाहिरातीतली मागणी, उजवीकडे ते काम तुम्ही कुठे आणि किती केलंय ते लिहा. जिथे दोन्ही रकाने भरतात, तो तुमच्या समरीचा कच्चा माल.

समरीचे चार भाग

१. तुम्ही कोण: पद किंवा काम, शिक्षण आणि अनुभवाची वर्षं.
२. कुठे: कोणत्या प्रकारच्या व्यवसायात काम केलं.
३. काय काय करता: जाहिरातीशी जुळणारी २-३ कामं, सॉफ्टवेअर किंवा मशीनच्या नावासह.
४. काय फरक पडला: एक तरी ठोस गोष्ट, शक्यतो आकड्यात.

याच पद्धतीने वरची समरी पुन्हा लिहूया:

"बी.कॉम. पदवीधर अकाउंट्स असिस्टंट, हार्डवेअरच्या घाऊक व्यापारात ३ वर्षांचा अनुभव. टॅली प्राइममध्ये महिन्याला साधारण ४०० बिलांची नोंद, बँक रिकन्सिलिएशन आणि जीएसटीआर-१ व जीएसटीआर-३बी यांची तयारी. उधारीची यादी एक्सेलमध्ये आणून दर सोमवारी मालकांना देणं सुरू केलं. ९० दिवसांहून जुनी येणी वर्षभरात निम्म्यावर आली."

यात 'मेहनती' हा शब्द कुठेच नाही. तरी हा माणूस मेहनती आहे हे वाचणाऱ्याला कळतं.

पण आकडे आणायचे कुठून?

"आम्ही साधी नोकरी केली, आकडे कुठले?" असं बऱ्याच जणांना वाटतं. आकडा म्हणजे कोटींची विक्रीच असायला हवी असं नाही. दिवसाला किती ग्राहक बघता, किती पार्सल पाठवता, किती मशीन सांभाळता, नवीन किती जणांना काम शिकवलंत, हे सगळे आकडेच आहेत. टॅली वापरत असाल तर स्टॅटिस्टिक्स रिपोर्टमध्ये किती व्हाउचर झालेत ते दिसतं.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. अंदाज असेल तर 'साधारण' लिहा. आणि जुन्या मालकाची विक्री किंवा नफा रुपयांत लिहू नका, 'निम्म्यावर आली' किंवा टक्केवारी पुरते. आधीच्या ठिकाणची आतली माहिती उघड करणारा माणूस उद्या आपलीही करेल, अशी शंका समोरच्याला येते.

फ्रेशर असाल तर?

पगाराची नोकरी केली नाही म्हणजे कामच केलं नाही असं नव्हे. आयटीआय झालेल्या मुलाची ही समरी बघा:

"आयटीआय इलेक्ट्रिशियन, २ वर्षांचा ट्रेड पूर्ण. शिक्षण चालू असताना ८ महिने संध्याकाळी गावातल्या इलेक्ट्रिक दुरुस्तीच्या दुकानात काम. शेतीपंपांचे ३० हून अधिक स्टार्टर दुरुस्त केले. वायरिंग डायग्राम वाचता येतो, मल्टीमीटर आणि मेगर वापरता येतो. तिन्ही शिफ्टमध्ये काम करण्याची तयारी."

गावातल्या दुकानातलं काम लिहायला अनेकांना लाज वाटते आणि ते गाळून टाकतात. इथे तर तेच सगळ्यात वजनदार वाक्य आहे. कॉलेजचा प्रोजेक्ट, इंटर्नशिप, घरच्या दुकानाचा हिशोब, बचत गटाच्या नोंदी, हे सगळं चालतं. फक्त केलेलं असायला हवं.

मध्ये गॅप असेल तर?

मुलं लहान होती, घरात आजारपण होतं, स्पर्धा परीक्षेची तयारी केली. कारण काहीही असो, समरीत त्याची माफी मागू नका आणि तारखा बदलून गॅप लपवूही नका. आधी अनुभव लिहा, मग एका वाक्यात आज कामासाठी तयार आहात ते लिहा: "५ वर्षं बिलिंग आणि कस्टमर केअरचा अनुभव. ३ वर्षांच्या कौटुंबिक विश्रांतीनंतर पूर्णवेळ कामासाठी उपलब्ध. या काळात टॅली प्राइमचा कोर्स पूर्ण केला."

तुमची समरी कॉम्प्युटरही वाचतो

मोठ्या कंपन्या आणि जॉब पोर्टल रेझ्युमे साठवण्यासाठी एटीएस नावाचं सॉफ्टवेअर वापरतात. ते रेझ्युमे थेट कचऱ्यात टाकतं असा गैरसमज आहे. बहुतेक वेळा ते त्यातली माहिती वेगळी काढून ठेवतं आणि एचआर त्यात शब्द टाकून शोधतात. म्हणून हे सांभाळा:

- जाहिरातीत जो शब्द आहे तोच वापरा. तिथे 'टॅली प्राइम' असेल तर नुसतं 'अकाउंटिंग सॉफ्टवेअर' लिहू नका.
- समरी चित्रात किंवा टेक्स्ट बॉक्समध्ये टाकू नका. दोन रकान्यांच्या टेम्प्लेटमध्येही ओळी उलटसुलट वाचल्या जाऊ शकतात.
- मराठीत रेझ्युमे करत असाल तर युनिकोडमध्येच टाइप करा. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमधला मजकूर दुसरीकडे नुसती अक्षरांची खिचडी दिसतो.

तपासायची सोपी युक्ती: पीडीएफ उघडा, सगळा मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये पेस्ट करा. तिथे जे नीट वाचता येतं, ते बहुधा सॉफ्टवेअरलाही वाचता येईल.

चॅटजीपीटीकडून लिहून घ्यावी का?

मदत जरूर घ्या, पण कच्चा माल तुमचा द्या. "अकाउंटंटसाठी समरी लिहून दे" एवढंच सांगितलं तर पुन्हा तेच 'मेहनती आणि ध्येयवेडे' परत येतं, फक्त भारी इंग्रजीत. त्याऐवजी तुमचे दोन रकाने द्या आणि "यात नसलेली कोणतीही गोष्ट घालू नको" असं स्पष्ट सांगा. आलेला प्रत्येक शब्द वाचा. ज्या शब्दाचा अर्थ तुम्हाला इंटरव्ह्यूमध्ये सांगता येणार नाही, तो काढा.

जाहिरात इंग्रजीत असेल तर रेझ्युमेही इंग्रजीतच द्या. पण समरी आधी मराठीत लिहा, कारण आपण काय केलंय हे आपल्याला आपल्या भाषेत जास्त स्पष्ट आठवतं. मग साध्या, छोट्या इंग्रजी वाक्यांत आणा. इंग्रजी समरीत 'आय' आणि 'माय' सहसा लिहीत नाहीत, वाक्य थेट पदाने किंवा कामाने सुरू होतं.

पाठवण्याआधी शेवटची तपासणी

- समरी ४ ओळींत बसते का?
- जाहिरातीतले निदान ३ शब्द त्यात आले का?
- प्रत्येक वाक्य 'कशावरून?' या प्रश्नाला टिकतं का?
- दुसऱ्या कंपनीसाठी लिहिलेलं पद चुकून तसंच राहिलं नाही ना?
- जात, धर्म, वैवाहिक स्थिती, आधार नंबर असं काही आलं नाही ना? ते समरीतच काय, रेझ्युमेमध्येही नको.

लिंक्डइनवर हीच समरी थोडी वाढवून वापरता येते. तिथे हेडलाइनसाठी २२० अक्षरं आणि अबाउट विभागासाठी २,६०० अक्षरं मिळतात. रेझ्युमेमध्ये मात्र आटोपशीरच ठेवा.

शेवटी एक काम करा. समरी तुमच्या कामाबद्दल काहीच माहीत नसलेल्या घरातल्या एखाद्याला वाचून दाखवा आणि विचारा, "मी काय काम करतो, कळलं का?" त्यांना कळलं, तर एचआरलाही कळेल.

आजच जुना रेझ्युमे उघडा आणि त्या पहिल्या चार ओळी पुन्हा लिहा. ही माहिती उपयोगी वाटली तर नोकरी शोधणाऱ्या मित्र-मैत्रिणींनाही नक्की पाठवा.