कर्सिव्ह गिरवून घेणारं अ‍ॅप अक्षर नक्की कसं तपासतं?

लहान मुलांकडून कर्सिव्ह गिरवून घेणारी अ‍ॅप्स प्ले स्टोअरवर ढिगाने आहेत. ठिपक्यांचं अक्षर येतं, मूल त्यावर बोट फिरवतं, स्टार पडतो, टाळ्या वाजतात. धाकट्या भावंडाला किंवा भाचीला त्यातलं कोणतं अ‍ॅप टाकून द्यायचं, हे घरात बहुतेक वेळा तुम्हीच ठरवता. मग तो स्टार नेमका कशाबद्दल मिळतो, हे बघायला हवं.

बोट काचेवर टेकलं की स्क्रीन त्याची जागा सेकंदाला 60, 120 किंवा 240 वेळा (फोनच्या मॉडेलप्रमाणे) नोंदवते. त्यामुळे अ‍ॅपला अक्षराचं चित्र मिळत नाही, बिंदूंची रांग मिळते, प्रत्येक बिंदूच्या वेळेसकट. ही फार मोठी गोष्ट आहे. वहीत बाईंना फक्त तयार अक्षर दिसतं. हात कुठून सुरू झाला, कुठल्या दिशेने वळला, मध्येच कुठे उचलला, हे फोनला कळतं. आणि कर्सिव्ह म्हणजे तर हात न उचलता लिहिणं (आपली मोडीही तशीच). मुलाने 'ओ' घड्याळाच्या दिशेने काढला तर कागदावर तो छान गोल दिसतो, पण पुढचं अक्षर त्याला नीट जोडता येत नाही. ती सवय लागली की नंतर मोडणं त्रासाचं.

गंमत म्हणजे बरीच अ‍ॅप्स ही माहिती टाकूनच देतात. सगळ्यात सोपी पद्धत म्हणजे किती ठिपके रंगले ते मोजायचं. यात खरडूनसुद्धा स्टार मिळतो.

दुसरी पद्धत म्हणजे अक्षर ओळखणारं तयार सॉफ्टवेअर वापरायचं. गूगलच्या एमएल किटमध्ये हाताने लिहिलेलं ओळखायची सोय आहे. 300 हून जास्त भाषा चालतात, आणि एकदा मॉडेल डाउनलोड केलं की नेटही लागत नाही. पण त्याचं काम 'तुम्हाला काय लिहायचं होतं' ते ओळखणं. जितकं गचाळ अक्षर ते समजून घेईल तितकं ते हुशार. शिकवणाऱ्याने असं वागून कसं चालेल?

एक मस्त उदाहरण सांगतो. 2007 मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठ आणि मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या संशोधकांनी 'डॉलर वन' नावाची पद्धत मांडली. साधारण 100 ओळींचा कोड! बोटाची रेघ समान अंतरावरच्या 64 बिंदूंत बसवायची, फिरवून एका ठरावीक कोनात आणायची, ताणून एका मापाची करायची, आणि नमुन्यापासून सरासरी किती लांब आहे ते मोजायचं. हाताच्या खुणा ओळखायला झकास. पण कर्सिव्हमध्ये 'ई' आणि 'एल' दोन्ही एकाच वळणाचे, फरक फक्त उंचीचा. सगळं एका मापाचं केलं की दोन्ही सारखेच! तिरकेपणाही त्याच फिरवण्यात पुसला जातो.

भाचीसाठी मी छोटं अ‍ॅप लिहिलं तेव्हा यातलं काहीच घेतलं नाही. अक्षराच्या मार्गावर पाच-सहा थांबे ठेवले, एसटीच्या थांब्यांसारखे. बोट ते क्रमाने ओलांडतंय का, पहिल्या थांब्यापासूनच सुरू झालं का, आणि चार रेघांपैकी योग्य रेघेला टेकलं का, एवढंच बघायचं. मार्गाभोवतीचा पट्टा आधी रुंद ठेवला आणि रोज थोडा अरुंद केला. पहिल्याच दिवशी अरुंद केला तर मूल फोन फेकतं.

अक्षरं मात्र ए, बी, सी या क्रमाने देऊ नका. हाताच्या वळणाने द्या. आधी आय, यू, डब्ल्यू, टी, कारण सगळ्यांची सुरुवात खालून वर जाणाऱ्या एकाच रेघेने होते. मग ई, एल, एच, के या फाशाच्या. मग सी, ए, डी, जी, ओ, क्यू, सगळी डावीकडे वळणारी. एफ अगदी शेवटी, तो मोठ्यांनाही जमत नाही. ओ, बी, व्ही आणि डब्ल्यू ही अक्षरं वरच्या बाजूला संपतात, म्हणून त्यांचे जोड वेगळे गिरवून घ्यायचे.

नवीन अ‍ॅप टाकलं की आधी स्वतः तीन गोष्टी करून बघा. 'ओ' उलट्या दिशेने काढा. 'एल' मुद्दाम 'ई'एवढा बुटका काढा. 'एम' काढताना मध्येच बोट उचला. तिन्हींना टाळ्या वाजल्या तर अनइन्स्टॉल.

चांगलं अ‍ॅप मिळालं तरी बोटाने गिरवून पेन्सिल धरायला येत नाही. काच गुळगुळीत असते, कागदासारखा हाताला अडसर नसतो. साध्या फोनवर रबरी टोकाचा स्वस्त स्टायलस चालतो, पण तळहात टेकला की स्क्रीन त्यालाही बोटच समजते, म्हणून मूल हात हवेत धरून लिहितं. आमच्याकडे फोनवर एक अक्षर, पाच मिनिटं, की लगेच तेच अक्षर चार रेघी वहीत दोन ओळी. दुसरं अक्षर दुसऱ्या दिवशी.