लाल रंगाचे मूळ निवडुंगावर

स्ट्रॉबेरीच्या स्वादाचे दही, गुलाबी आइसक्रीम किंवा लिपस्टिक यांचा लाल रंग अनेकदा फळातून किंवा फुलातून आलेला नसतो. तो येतो कोचिनील नावाच्या किड्यातून. हा किडा फड्या निवडुंगाच्या चपट्या खोडाला चिकटून रस शोषतो आणि अंगावर कापसासारखे पांढरे आवरण बनवतो. बोटाने चिरडला की बोट गडद लाल होते.

हा रंग म्हणजे कारमिनिक आम्ल. मुंग्यांसारख्या शत्रूंना दूर ठेवण्यासाठी किडा ते शरीरात साठवतो. रंगासाठी उपयोगी पडते ती मादी. ती एकाच जागी बसून वाढते आणि तिच्या वाळलेल्या वजनाचा सुमारे पाचवा हिस्सा हे आम्लच असते. माद्या खरवडून काढतात, मारून वाळवतात. एक किलो मालाला साधारण दीड लाख किडे लागतात! त्यांच्या अर्कात ॲल्युमिनियमचे क्षार मिसळले की कारमाइन तयार होते. कॉलेजात कांद्याच्या मुळाच्या पेशी पाहताना वापरतात ते ॲसिटोकारमाइन याचेच.

मेक्सिकोच्या वाहाका भागात या किड्यांची शेती स्पॅनिश येण्याआधीपासून होती. आज सर्वाधिक उत्पादन पेरूमध्ये होते. एकोणिसाव्या शतकात कृत्रिम रंग आले आणि हा धंदा बसला. पुढे काही कृत्रिम लाल रंगांवर शंका घेतली गेली. अमेरिकेने १९७६ मध्ये ‘रेड नंबर २’वर बंदी घातली. मग उष्णता आणि प्रकाशात टिकणाऱ्या कारमाइनला पुन्हा मागणी आली. बिटाचा रंग उष्णतेत टिकत नाही.

मात्र नैसर्गिक असला, तरी तो सर्वांना मानवेलच असे नाही. रंगात किड्याची प्रथिने थोडीफार उरतात. त्यांची ॲलर्जी असणाऱ्यांच्या अंगावर पित्ताच्या गांधी उठतात, दम लागतो. क्वचित जिवावर बेतणारी तीव्र प्रतिक्रियाही येते. कारखान्यात ही पूड हाताळणाऱ्या कामगारांना दमा झाल्याच्या नोंदी आहेत. त्यामुळे अमेरिकेत जानेवारी २०११ पासून खाद्यपदार्थांच्या वेष्टनावर कारमाइन किंवा कोचिनील अर्क हे नाव छापणे बंधनकारक आहे. नुसते ‘रंग’ लिहून चालत नाही. शाकाहारी ग्राहकांचा आक्षेप वेगळाच. तो आल्यावर स्टारबक्सने २०१२ मध्ये हा रंग सोडून टोमॅटोतले लायकोपीन घेतले.

परदेशी चॉकलेट, दही किंवा सरबताच्या वेष्टनावर हा रंग ‘ई १२०’ या क्रमांकानेही दिसतो, सौंदर्यप्रसाधनांवर ‘सीआय ७५४७०’ असा. काही औषधी गोळ्यांच्या गुलाबी आवरणातही तो असतो. ॲलर्जीचे कारण सापडत नसेल, तर डॉक्टरांकडे जाताना खाल्लेल्या पदार्थाचे वेष्टन, गोळ्यांची पट्टी आणि लिपस्टिकचा डबा सोबत न्यावा.