संगणक-मंडळाची घटना आणि कारभार

ग्रंथालये, व्याख्यानमाला, व्यायामशाळा आणि भजनी मंडळे चालविण्याचा अनुभव महाराष्ट्रातील गावोगावच्या लोकांच्या गाठी पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे, आणि म्हणून संगणक वापरणाऱ्यांचे एखादे स्थानिक मंडळ काढावयाचे ठरले म्हणजे त्यासाठी काही निराळा विचार करावा लागेल असे प्रथमदर्शनी कोणास वाटत नाही. अध्यक्ष, चिटणीस आणि खजिनदार नेमले, वर्गणी ठरविली, महिन्यातून एकदा बसावयास शाळेचा वर्ग मागून घेतला, की काम झाले अशी समजूत असते. परंतु या मंडळाची प्रकृतीच निराळी आहे. ग्रंथालयाच्या सभासदांच्या अभिरुचीत अंतर असले तरी वाचता सर्वांनाच येते. संगणक-मंडळात मात्र एकास यंत्राच्या अंतरंगाची खडान्‌खडा माहिती असते, आणि त्याच्याच शेजारी बसलेल्या निवृत्त शिक्षकास, आपल्या अर्जात मराठी अक्षरांच्या जागी चौकोन का उमटतात, एवढेच विचारावयाचे असते. हे अंतर इतके मोठे असते की कोणी न निवडता आणि कोणताही ठराव न होता, जो अधिक जाणतो त्याच्या हाती सारा कारभार आपोआप जातो. अशा मंडळाची घटना लिहिणाऱ्याने प्रथम हा धोका ओळखावा, आणि जाणकाराचा मान कायम राखून त्याच्या अधिकारास मर्यादा कशी घालता येईल याची तजवीज करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

या प्रकारच्या मंडळांचा इतिहास फार जुना नाही. १९७५ च्या मार्च महिन्याच्या ५ तारखेस अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात, मेन्लो पार्क या गावी, गॉर्डन फ्रेंच यांच्या गॅरेजमध्ये, त्यांच्या आणि फ्रेड मूर यांच्या निमंत्रणावरून सुमारे तीस माणसे जमली, आणि ‘होमब्रू कॉम्प्युटर क्लब’ या नावाने पुढे जगप्रसिद्ध झालेल्या मंडळाचा आरंभ झाला. ‘अल्टेअर ८८००’ हा, सुटे भाग मागवून घरी जोडावयाचा संगणक तेव्हा नुकताच बाजारात आला होता आणि त्याविषयीच्या कुतूहलानेच ही मंडळी एकत्र आली होती. सभासदत्वास अट नव्हती, वर्गणीची सक्ती नव्हती, आणि सभा दर पंधरवड्यास भरे. गर्दी वाढत गेली तेव्हा सभा स्टॅनफर्डच्या संशोधन-केंद्रातील मोठ्या सभागृहात भरू लागल्या, आणि तेथे ली फेल्सेनस्टाइन यांच्याकडे सभेचे संचालन आले.

फेल्सेनस्टाइन यांनी पाडलेली वहिवाट आपल्याकडील प्रत्येक मंडळाने अभ्यासावी इतकी मोलाची आहे. हातात एक लांब काठी घेऊन ते व्यासपीठावर उभे राहात आणि श्रोत्यांपैकी एकेकाकडे ती रोखून त्यास बोलावयाची पाळी देत. ज्याच्याकडे काठी वळे त्याने उठून थोडक्यात सांगावयाचे, की आपणाजवळ अमुक भाग शिल्लक आहे, आपणास अमुक माहिती हवी आहे, अमुक अडचण सुटत नाही, किंवा अमुक नवी वार्ता कानावर आली आहे. तेवढे झाले की काठी पुढे सरके. अशा रीतीने कोणाजवळ काय आहे आणि कोणास काय हवे आहे, याचा नकाशाच सर्वांसमोर उभा राही. त्यानंतरच्या मोकळ्या वेळात ज्याने त्याने उठून आपणास हव्या असलेल्या माणसाला गाठावे, असा शिरस्ता होता. फेल्सेनस्टाइन हे स्वतः कसलेले यंत्ररचनाकार होते, आणि आलेल्या प्रत्येक प्रश्नाला व्यासपीठावरूनच उत्तर देण्याचा मोह त्यांना सहज होऊ शकला असता. परंतु संचालकाचे काम माणसाला माणसाशी जोडून देण्याचे आहे, हे त्यांनी जाणले होते. स्टीव्ह वॉझ्निअ‍ॅक यांनी आपल्या पहिल्या अ‍ॅपल संगणकाची रचना याच मंडळात दाखविली आणि तिचे आराखडे सभासदांना मोकळ्या हाताने वाटले, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. अशी देवघेव घडावयास जे वातावरण लागते ते सभेच्या अशा शिस्तीतून निर्माण झाले होते, असे मला वाटते.

तथापि लेखी नियमांवाचून काय अडते तेही याच मंडळाच्या इतिहासात दिसते. अल्टेअरसाठी बिल गेट्स आणि पॉल अ‍ॅलन यांनी लिहिलेल्या ‘बेसिक’ या आज्ञावलीची छिद्रे पाडलेली कागदी पट्टी सभासदांच्या हाती लागली, तिच्या प्रती निघाल्या, त्या सभेत वाटल्या गेल्या, आणि जो प्रत नेईल त्याने पुढील वेळी अधिक प्रती आणाव्या असा अलिखित दंडकही पडला. १९७६ च्या फेब्रुवारीत गेट्स यांनी हौशी संगणकवाल्यांना उद्देशून अनावृत पत्र लिहिले आणि या प्रकारास चोरी म्हटले. वादातील दोन्ही बाजूंना आजही समर्थक आहेत. परंतु मंडळाच्या सभेत, मंडळाच्या नावाखाली जे वाटले जाईल त्याची जबाबदारी कोणाची, या प्रश्नास तेथे उत्तर नव्हते, कारण उत्तर देण्याचा अधिकारच कोणाला दिलेला नव्हता. आपल्या मंडळाच्या नियमावलीत यासाठी एक स्वतंत्र कलम हवे. ज्या आज्ञावलीच्या परवान्यात प्रती काढण्याची मुभा आहे तेवढीच मंडळाच्या यंत्रावर ठेवावी आणि वाटावी, असे त्यात स्पष्ट लिहावे. लिनक्ससारख्या मुक्त प्रणालीमुळे ही अट पाळणे आता मुळीच कठीण राहिलेले नाही. मुंबई-पुण्याकडे लिनक्स वापरणाऱ्यांचे जे गट निघाले त्यांचा तर पायाच ही मुभा होय.

होमब्रू मंडळाच्या सभा १९८६ च्या अखेरीस थांबल्या. रचनेच्या दृष्टीने त्याच्या नेमके उलट उदाहरण बोस्टनचे. तेथे १९७७ मध्ये जोनाथन रोटेनबर्ग या अवघ्या तेरा वर्षांच्या मुलाने पुढाकार घेऊन ‘बोस्टन कॉम्प्युटर सोसायटी’ उभी केली, आणि तिची सभासदसंख्या पुढे तीस हजारांवर गेली. एवढा विस्तार केवळ उत्साहावर पेलत नाही. एकेका प्रकारच्या संगणकाचा किंवा एकेका विषयाचा स्वतंत्र उपगट, त्या उपगटाचे स्वयंसेवक चालक, आणि या सर्वांस बांधणारी मध्यवर्ती संस्था, अशी तिची रचना होती. स्थानिक मंडळासाठी यातून घेण्याजोगी गोष्ट म्हणजे उपगटांना दिलेली मोकळीक. देवनागरी टंकलेखन शिकणाऱ्या गृहिणींचा गट आणि प्रोग्रॅम लिहिणाऱ्या महाविद्यालयीन मुलांचा गट यांना एकाच सभेत कोंबले म्हणजे दोघेही कंटाळून जातात. त्यांच्या बैठका वेगळ्या असाव्या, त्यांचे चालक त्यांनीच निवडावे, आणि जमाखर्च मात्र एकच राहावा.

आता आपल्याकडील कायद्याकडे वळू. मंडळ पाच-पंचवीस जणांचे असून केवळ एकत्र बसण्यापुरतेच असेल तर नोंदणीची घाई नसावी. परंतु स्वतःची यंत्रे, देणग्या, भाड्याची जागा आणि बँकेतील खाते आले की नोंदणी करून घेणेच शहाणपणाचे. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्यान्वये किमान सात व्यक्तींना एकत्र येऊन संस्था नोंदविता येते. संस्थेचे नाव, तिचे उद्देश आणि पहिल्या कार्यकारी मंडळाची नावे, पत्ते व व्यवसाय देणारे उद्देशपत्र, आणि सोबत नियमावलीची प्रत दाखल करावी लागते. महाराष्ट्रात अशा संस्थेस १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदाही लागू होतो, आणि म्हणून धर्मादाय आयुक्तांच्या दप्तरी तिची नोंद होते, हिशेब तपासून सादर करावे लागतात, व पदाधिकारी बदलले म्हणजे त्या फेरफाराचा अहवाल मुदतीत द्यावा लागतो. शेवटच्या कामात पुष्कळ संस्था ढिलाई करतात. मग प्रत्यक्षात कारभार नवे लोक पाहात असतात आणि दप्तरी जुनीच नावे राहतात, आणि पुढे कोणत्याही वादात ही विसंगती नडते.

पदाधिकाऱ्यांविषयी माझा आग्रह असा की, मंडळातील सर्वांत निष्णात संगणकज्ञास अध्यक्ष करू नये. त्यास तांत्रिक सल्लागार म्हणून सन्मानाने नेमावे, त्याचा सल्ला इतिवृत्तात नोंदवावा, परंतु सभा चालविणे, पाळी देणे, वेळ आवरणे ही कामे धीराने ऐकून घेणाऱ्या माणसाकडे असावीत, मग तो शिक्षक असो, टपाल खात्यातील निवृत्त कारकून असो की औषधविक्रेता असो. चिटणीसाने सभेची नोटीस वेळेवर काढावी, विषयपत्रिका लावावी, आणि इतिवृत्त पुढील सभेत वाचून कायम करून घ्यावे. खजिनदाराने पावतीवाचून पैसा घेऊ नये आणि व्हाउचरवाचून देऊ नये. ही सर्व जुनीच शिस्त आहे.

जी नवी शिस्त हवी ती मात्र बहुतेक नियमावल्यांत आढळत नाही. मंडळाच्या संगणकांचे, इंटरनेट-जोडणीचे, ईमेल खात्याचे आणि सामायिक संचयाचे परवलीचे शब्द बहुधा एकाच उत्साही तरुणाच्या डोक्यात असतात; त्यास नोकरी लागून तो बंगलोरास गेला, किंवा रुसून यावयाचा बंद झाला, की सारे मंडळ स्वतःच्याच दाराबाहेर उभे राहते. म्हणून परवलीच्या शब्दांची यादी पाकिटात बंद करून, त्यावर अध्यक्ष व चिटणीस या दोघांच्या सह्या घेऊन, खजिनदाराच्या कपाटात ठेवावी, आणि कोणताही शब्द बदलल्याबरोबर पाकीट नवे करावे. कार्यकारिणी बदलली म्हणजे कार्यभार सुपूर्द करण्याची लेखी यादी करावी, तीत प्रत्येक संगणक, प्रिंटर, प्रोजेक्टर, केबल आणि किल्ली यांची नोंद असावी, देणाऱ्याने व घेणाऱ्याने सही करावी, आणि त्याच बैठकीत सर्वांसमक्ष परवलीचे शब्द बदलावे. दुरुस्तीसाठी किंवा शिकण्यासाठी सभासद आपले यंत्र आणतो तेव्हा त्यातील छायाचित्रे, पत्रे आणि बँकेची कागदपत्रे उघडी पडतात. मालक समोर बसलेला असल्याखेरीज कोणीही ते यंत्र हाताळू नये, हा नियम विशेषतः स्त्री-सभासदांच्या दृष्टीने मी अत्यावश्यक मानतो.

पदाची मुदत दोन वर्षांची असावी आणि लागोपाठ दोन मुदतींनंतर त्या पदावरून निवृत्त व्हावे. मताधिकार कोणास, हेही प्रारंभीच निश्चित व्हावे. १८६० च्या मूळ कायद्यातच असे आहे की ज्याची वर्गणी तीन महिन्यांहून अधिक थकली आहे त्याचे मत धरले जात नाही. आपल्या नियमावलीत त्याला जोडून, निवडणुकीपूर्वी सहा महिन्यांच्या आत दाखल झालेल्या सभासदास त्या निवडणुकीत मत नाही, असेही घालावे. या सावधगिरीमागे महाराष्ट्राचा स्वतःचा इतिहास आहे. १८७० मध्ये स्थापन झालेल्या पुणे सार्वजनिक सभेने सभासदत्वासाठी पन्नास प्रौढ व्यक्तींच्या सह्यांचे मुखत्यारपत्र मागितले होते. बोलणाऱ्याच्या पाठीशी खरोखर माणसे आहेत, याची खात्री करून घेण्याची ती पद्धत होती. त्याच सभेचा कारभार १८९५ च्या निवडणुकीने टिळकपक्षाच्या हाती गेला, आणि रानडे व गोखले यांच्या बाजूने पुढील वर्षी डेक्कन सभा निघाली. न्याय कोणाकडे होता याचा निवाडा येथे करावयाचा नाही; एवढ्या थोर माणसांच्या संस्थेतही मतभेद निवडणुकीच्या वाटेने फुटीपर्यंत गेले, तेव्हा लहान मंडळाने निवडणुकीचे नियम भांडणाआधीच लिहून ठेवावे. गणसंख्या एकपंचमांशाहून अधिक ठेवू नये, कारण ती गाठत नाही आणि सभा तहकूब करण्यातच वर्ष सरते. घटना-दुरुस्तीसाठी मात्र विशेष सभा, आगाऊ लेखी नोटीस आणि मोठे बहुमत असावे.

सर्वांत शेवटचे कलम विसर्जनाचे. बोस्टनची ती प्रचंड संस्थादेखील १९९६ मध्ये विसर्जित झाली, तेव्हा लहान मंडळाने आपण अमर आहोत असे धरून चालू नये. १८६० च्या कायद्याप्रमाणे विसर्जनास तीनपंचमांश सभासदांची संमती लागते, आणि देणी भागल्यावर उरलेली मालमत्ता सभासदांना आपसात वाटून घेता येत नाही. ती दुसऱ्या संस्थेकडे जाते. ती संस्था कोणती असावी, म्हणजे गावचे ग्रंथालय की जिल्हा परिषदेची शाळा, याविषयीची आपली इच्छा नियमावलीत लिहून ठेवावी, आणि यंत्रे सुपूर्द करण्यापूर्वी त्यांतील सभासदांची माहिती समूळ पुसली जाईल हेही नमूद करावे. मंडळ काढण्याच्या उत्साहात असले कलम वाचणे कोणास आवडत नाही. तरीही ते पहिल्याच सर्वसाधारण सभेत, इतर कलमांबरोबर मोठ्याने वाचून मंजूर करून घ्यावे.