व्हिसा, घरबसल्या!

व्हिसा म्हटलं की अजूनही डोळ्यांसमोर रांग, फाइल आणि एजंट येतो. व्हिएतनामला जायचं असेल तर यातलं काहीच लागत नाही. पासपोर्ट, एक फोटो आणि कार्ड, बस्स! ऑगस्ट २०२३ पासून तिथला ई-व्हिसा ९० दिवसांपर्यंत मिळतो. फी २५ डॉलर. मध्येच कंबोडियाची चक्कर मारून परत यायचं असेल, तर ५० डॉलरवाला घ्या. साधारण तीन कामाचे दिवस लागतात. तेत, म्हणजे त्यांच्या नववर्षाची सुट्टी आली, की जास्त.

खरी मेख आहे नावात. आपण मराठी माणसं तीन मजली नावं घेऊन फिरतो. माझ्या पासपोर्टवर नावाला वडिलांचं नाव जोडलेलं आहे, म्हणून मी फॉर्मवरही तसंच लिहिलं. माझ्या एका मैत्रिणीचं आडनाव लग्नानंतर बदललं, पासपोर्टवर मात्र माहेरचंच आहे. मग तिने काय लिहायचं? अर्थात माहेरचं! सासरी काहीही म्हणोत, विमानतळावरचा अधिकारी पासपोर्टच बघतो. जन्मतारीख, पासपोर्ट नंबर, सगळं दोनदा तपासा. चूक तुमची असली, तरी फी परत मिळत नाही.

आणि हो, सर्चमध्ये सगळ्यात वर दिसणारी चकचकीत साइट सरकारीच असेल असं नाही. पत्त्यात शेवटी ‘गव्ह डॉट व्हीएन’ आहे ना, ते बघा. नसेल तर समजा, तोच आपला जुना एजंट, फक्त ऑनलाइन आलाय!